डोळ्यातलं लोखंड

घण चुकला, पण त्यात लोहारणीची चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बारा वर्षं ती नवऱ्यासमोर उभी राहून घण मारत होती. त्या कामाची रीत साधी आहे. लोहारानं डाव्या हातातल्या सांडशीनं तापलेलं लोखंड ऐरणीवर धरायचं, उजव्या हातातल्या छोट्या हातोडीनं टिंग करून जागा दाखवायची, आणि समोरच्यानं तिथंच घण घालायचा. घण मारणाऱ्यानं स्वतःचं डोकं चालवायचं नसतं. हातोडी जिथं, घण तिथं. त्या दिवशी हातोडी फाळाच्या टोकाला न लागता दोन बोटं अलीकडं, ऐरणीच्या मोकळ्या कडेवर वाजली. घणही तिथंच आला. लाल फाळ सांडशीतून निसटून उडाला तो थेट भात्यापाशी जाऊन पडला.

भात्यावर सासू बसली होती. फाळ तिच्या पायापासून वीतभर लांब पडला.

"अगं बाई गं! जिवंत जाळता का काय मला?" म्हातारी ओरडली.

लोहार बायकोवर खेकसला, "बघून मारता येत नाही?"

"तुम्ही दाखवलंत तिथंच मारलाय."

"मी टोकावर दाखवलं."

"ऐरणीवर दाखवलंत. ही बघा खूण."

लोहार वाकला. वाकताना त्यानं डावा डोळा तळव्यानं झाकून घेतला, आणि तेव्हा कुठं लोहारणीच्या डोक्यात प्रकाश पडला. हे झाकणं ती आठवडाभर बघत होती. घाम पुसतोय असं समजत होती.

"कधीपासून दोन-दोन दिसतंय?" तिनं विचारलं.

तो सांडशी आपटून उभा राहिला. "झाले असतील पंधरा दिवस. एक खरा असतो, एक खोटा. मी आपला खऱ्यावर मारतो. आज खोटा निघाला, त्याला काय करू?"

म्हातारी हसली, कारण मुलगा विनोद करतोय असं तिला वाटलं. लोहारीण हसली नाही.

त्याचा डावा डोळा चार महिन्यांपासून पुढं येत होता. आधी पापणी जड झाली, मग बुबुळ बाहेरच्या बाजूला कलायला लागलं. काम घेऊन येणारे गंमत करायचे, "काय रे, असा वटारून का बघतोस? फाळच लावायचाय, तुझी जमीन मागत नाही!" लोहारही हसून घ्यायचा. डोळ्याची काळजी करायला घरात बायको होती ना! आणि या बाबतीत तिचं नाव होतं. लोखंड ठोकताना उडणारी खपली, कानशीचा कीस, छिन्नीचं तुटकं टोक, डोळ्यात काही गेलं की लोक तिच्याकडं यायचे. सुतार यायचा, विहिरीचे दगड फोडणारे यायचे. काडेपेटीच्या काडीवर पापणी उलटी करून, जुन्या रेडिओच्या भोंग्यातून काढलेलं चुंबक बुबुळाजवळ फिरवून ती कणी अलगद काढायची. सगळे तिला कणीवाली म्हणायचे. डॉक्टरकडं जायला अर्धा दिवस मोडतो, कणीवाली दोन मिनिटांत मोकळं करते, असा हिशोब होता.

म्हणून चार महिने ती नवऱ्याच्या डोळ्यात कणी शोधत बसली होती. रोज काम आटोपलं की तो पायरीवर बसायचा, तोंड वर करायचा, आणि ती पापणी उलटून बघायची. कधी डावीकडं बघा, कधी खाली बघा. चुंबक फिरवून फिरवून तिचं मनगट दुखायचं. काही निघत नव्हतं. मागं कुठंतरी दडून बसली असेल, येईल आपोआप, असं ती म्हणायची आणि तोही मान डोलवायचा. ते चार महिने तिनं घालवले. पुढं ती हे स्वतःलाच इतक्या वेळा ऐकवणार होती की दुसऱ्या कुणी बोल लावायची गरजच पडली नाही.

पेरणी तीन आठवड्यांवर आली होती. दारात फाळ, कुदळी, विळे यांचा ढीग पडला होता. या तीन आठवड्यांच्या कामावर घराचं वर्ष निघायचं. लोहार म्हणाला, "एवढी गडबड उरकू दे. मग जाऊ डॉक्टरकडं."

कदाचित तिनं ऐकलंही असतं. पण दुसऱ्या दिवशी एकजण सहा विळे परत घेऊन आला. त्यानं ते नुसते ऐरणीवर ओतले. सहाही धारेला चिरले होते. त्यानं एक विळा उचलून दगडावर हलकेच मारला, तर काचेसारखा तुकडा उडाला.

"तुझ्या बापानं असं पाणी कधी पाजलं नाही," तो म्हणाला आणि निघून गेला.

धारेला पाणी पाजायचं म्हणजे तापलेल्या लोखंडाचा रंग ओळखून नेमक्या क्षणी पाण्यात बुडवायचं. लाल जरा जास्त झाला की धार ठिसूळ, जरा कमी झाला की बोथट. लोहारणीनं भट्टीतून एक सळई काढून आणली. "हा डावा डोळा झाका. आता सांगा, कुठला रंग?"

"लाल."

"आता दुसरा झाका."

तो बराच वेळ बघत राहिला. "विटकरीसारखा," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "थंड झालीय ना सळई?"

सळई थंड झाली नव्हती. तिच्या हाताला धग लागत होती. त्यानं मग पेरणीचं नाव काढलं नाही.

जवळच्या गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरनं मिटलेल्या पापणीवर गार चिकट काहीतरी लावलं आणि त्यावरून एक पेनासारखी नळी फिरवली. छोट्या पडद्यावर करडं, डुगडुगणारं चित्र आलं. डॉक्टर बोट ठेवून सांगत गेला, "हे बुबुळ. ही डोळ्याची मागची भिंत. आणि तिच्यामागं हा काळा गोळा दिसतोय ना? हा इथं असायला नको."

"कणी आहे?" लोहारणीनं विचारलं.

"कणी नाही बाई. गाठ आहे. तीच डोळ्याला पुढं ढकलतेय." त्यानं शहरातल्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी लिहिली. "किती मागपर्यंत गेलीय, नसेच्या बाजूनं मेंदूकडं गेलीय का, हे माझ्या मशीनला दिसत नाही. त्यांच्याकडं मोठं मशीन आहे. त्याचा फोटो बघितल्याशिवाय कुणी हात लावणार नाही. आणि उशीर करू नका."

त्या मोठ्या दवाखान्यात लोहाराची थोरली बहीण साफसफाईचं काम करायची. नणंदेनं कुणाकुणाच्या विनवण्या करून सहाव्या दिवसाची तारीख मिळवली. "ही तारीख चुकली तर पुढची दीड महिन्यानं," तिनं फोनवर बजावलं. "चिठ्ठी बघून इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेवढा वेळ नाही आपल्याकडं. काय वाट्टेल ते होऊ दे, पोचा." ढीग दारातच राहिला. म्हातारीला राखण ठेवून दोघं निघाली. जाताना म्हातारी म्हणाली, "येताना डोळा नीट करूनच आण गं त्याला," जणू काही डोळा हातगाड्यावर मिळतो.

मशीन दवाखान्याच्या तळघरात होतं. बाहेर लांबट खोली, एका भिंतीला खुर्च्या, समोर जाड दार. दाराआडून आवाज येत होता, ठक ठक ठक, मग घर्रर्र, मग परत ठक ठक.

"आत कुणीतरी घण मारतंय," लोहार म्हणाला. "ताल मात्र बरा आहे. तुझ्यापेक्षा."

सहा दिवसांत तो पहिल्यांदाच असं बोलला होता. तिला बरं वाटलं. नणंद केरसुणी बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी येऊन बसली. "आतल्या माणसाचं झालं की तुझाच नंबर," ती भावाला म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम आहे. हलायचं नाही, बास."

मशीन चालवणारा चष्मेवाला तरुण कागद घेऊन आला आणि भराभरा विचारायला लागला. छातीत यंत्र बसवलंय? हाडात सळई? दातात तार? लोहार नाही नाही म्हणत गेला. मग त्यानं धंदा विचारला.

"लोहार."

चष्मेवाल्याचं पेन थांबलं. "डोळ्यात कधी लोखंड गेलंय?"

"लोहाराच्या डोळ्यात लोखंड नाही जाणार तर काय लोणी जाणार?" लोहार हसला. "शंभरदा गेलंय. पण ही आहे ना. आमच्याकडं हिला कणीवाली म्हणतात. एक कणी राहू देत नाही."

"मामा, हसण्यावारी नेऊ नका. हे मशीन म्हणजे भलंमोठं चुंबक आहे. दिवसरात्र चालू असतं. खिशात किल्ली राहिली तर ती कापड फाडून जाते. डोळ्यात एवढासा जरी तुकडा असला तरी तो आतल्या आत ओढला जातो. डोळा फाटतो. कळतंय ना?" तो लोहारणीकडं वळला. "बाई, तुम्ही काढता?"

"हो."

"सगळ्या निघाल्यात? नक्की? शंका असेल तर आधी एक्स-रे काढू. त्यात तुकडा सापडला, तर मात्र हे मशीन नाही. आजही नाही, दीड महिन्यानंही नाही."

तिनं काही बोलायच्या आत लोहारच म्हणाला, "हिच्या हातून राहील? शक्य नाही हो. लिहा तुम्ही." आणि ती, जिनं त्या क्षणी नुसतं 'थांबा' म्हणायचं होतं, तिनं मान हलवली. हो म्हणून. लोहारानं कागदावर अंगठा दिला. त्याला दवाखान्याचे निळे कपडे दिले, हातात सुई खुपसून ठेवली, आणि जाड दाराच्या अलीकडच्या खोपटासारख्या खोलीत नेऊन बसवलं.

ती खुर्चीवर बसून राहिली. ठक ठक ठक.

सात वर्षांपूर्वी, अशीच पेरणी तोंडावर असताना, छिन्नीचं टोक तुटून लोहाराच्या डोळ्यात गेलं होतं. जरासं रक्त आलं. तो भिंतीला टेकून थरथरत बसला. त्याच्या बापाचा एक डोळा असाच गेला होता, आणि एकदा डोळा जायला लागला की धंदाही जातो, हे त्यानं लहानपणी बघितलं होतं. तिनं पापणी उलटली, काही दिसेना. तिनं चुंबक जवळ नेलं. नेलं मात्र, तो किंचाळला आणि आतलं काहीतरी हललं. तिच्या बोटांना ते पापणीवरून कळलं. टुणकन, बारीकसं. ती इतकी घाबरली की चुंबक तिनं लांब फेकून दिलं. तो विचारत होता, "निघाली? सांग ना, निघाली का?" दारात ढीग होता. तो हातोडी धरेना. तिनं ऐरणीखालची एक खपली चिमटीत उचलली आणि तळहातावर ठेवून त्याला दाखवली. "ही बघा. निघाली." चार दिवसांनी डोळा निवळला. दुखायचा थांबला. पुढं त्यानं तो किस्सा मीठमिरची लावून इतक्यांना सांगितला, की कणीवाली हे नाव पडलं ते त्यामुळंच. आणि खरं सांगायचं तर, आपण खोटं बोललो होतो हे ती स्वतःही विसरायला शिकली होती.

आज नाही बोलले तर काय होईल? तिनं मनाशी मांडून बघितलं. सात वर्षांत गंजून विरघळली असेल. किंवा ओढली जाईल आणि डोळा जाईल. पण तो डोळा तर तसाही जायलाच आलाय. फोटो निघाला तर जीव तरी वाचेल. डोळ्याची किंमत देऊन जीव मिळत असेल, तर द्यावी. असं म्हणून तिनं छातीवरचं ओझं जरा उतरवलं. मग तिनं डोळे मिटून ती पापणी पुन्हा बोटांनी उलटली, त्या दिवशी उलटली होती तशी. तो भिंतीला टेकलेला. भट्टी त्याच्या डाव्या हाताला. ती समोर गुडघ्यावर. आणि तिचा डावा हात त्याच्या कपाळावर, उजव्यात चुंबक, भट्टीपासून लांबच्या डोळ्यापाशी...

कणी उजव्या डोळ्यात होती. चांगल्या.

चार महिने सगळं घर डाव्या डोळ्याचं बोलत होतं, डॉक्टरनं नळी डाव्यावर फिरवली होती, चष्मेवाल्यानं विचारलं तेव्हाही तिच्या डोळ्यांसमोर डावाच होता. आणि ती आत्ता या खुर्चीवर बसून नवऱ्याचा एकुलता एक धड डोळा चुंबकाला द्यायला निघाली होती.

आतला आवाज थांबला.

ती उठली आणि जाड दार दोन्ही मुठींनी बडवायला लागली. "थांबा! त्यांना आत नेऊ नका! कणी राहिलीय! मी खोटं बोलले!"

नणंदेनं तिचा दंड धरला. "वेडी झालीस? तारीख जाईल! गप्प बस!"

"सोडा मला. आंधळा होईल तो!"

दार उघडलं. चष्मेवाल्यानं लोहाराला दंडाला धरून उभं केलं होतं. आतल्या दारापासून तो फार तर चार पावलांवर होता.

एक्स-रेत कवटीचा फोटो आला, आणि उजव्या डोळ्याच्या खोबणीत एक पांढराशुभ्र ठिपका. तांदळाच्या कणीएवढा. चष्मेवाला भयंकर संतापला होता. "चार पावलं, मामा! चार पावलं!" तो परत परत म्हणत होता. "बाई, तुम्हाला काही वाटतं का?"

लोहार ठिपक्याकडं बघत होता. त्यानं विचारलं, "मग तळहातावर दाखवलीस ती?"

"ऐरणीखालची."

त्यानं मान हलवली, एखाद्या गिऱ्हाईकाचं म्हणणं ऐकून घ्यावं तशी. आणि त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांना वेळही नव्हता. "ती कणी डोळ्याच्या भिंतीला खेटून निमूट बसलीय. तिला कुणी डिवचणार नाही," त्या म्हणाल्या. "आता दुसऱ्या मशीनवर फोटो काढू, सीटी स्कॅन. त्यात चुंबक नसतं. पण त्यात हाड चांगलं दिसतं, नस तितकी स्पष्ट दिसत नाही. गाठ मागं कुठवर पसरलीय, हे काही अंशी अंदाजानंच ठरवावं लागेल. उघडल्यावर कळेल." सीटीचा फोटो त्याच संध्याकाळी निघाला. डाव्या डोळ्यामागं अक्रोडाएवढी गाठ होती आणि बाजूचं हाड तिनं पोखरलं होतं. डोळा ठेवता येणार नव्हता.

ऑपरेशनपर्यंतचे पाच दिवस तो बहिणीमार्फत बोलायचा. "तिला सांग, पाणी हवंय." "तिला म्हणावं, जेवून घे." तिच्या समोर बसून! नणंद कधी याच्याकडं, कधी तिच्याकडं बघायची आणि निरोप पोचवायची. लोहारणीनं सगळं ऐकून घेतलं. रडून माफी मागावी असं तिला दहादा वाटलं, पण माफी मागायला समोरच्यानं आधी आपल्याकडं बघावं तरी लागतं. तो खिडकीबाहेर बघायचा. एका हातानं डावा डोळा झाकून, उजव्यानं बघायचा. समोरच्या पत्र्याच्या छपरावरचे गंजाचे डाग, वाळत घातलेले कपडे, सगळं सावकाश बघायचा. तोंडानं पुटपुटत एकेका रंगाचं नाव घ्यायचा.

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या थेट लोहारणीकडं. नणंदही धावत आली.

"डोळा काढला. गाठ बरीचशी काढली," त्या म्हणाल्या. "पण ती नसेला धरून मागं गेली होती. मेंदूच्या तोंडाशी थोडी राहिलीय. तिथं हात घातला असता तर ते टेबलावरून उठले नसते. आता किरणांचे शेक द्यावे लागतील, महिना-दीड महिना. मग बघू."

"आधी कळलं असतं तर?" लोहारणीनं विचारलं. "त्या मोठ्या मशीनच्या फोटोत?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कदाचित वेगळ्या बाजूनं गेले असते. कदाचित नाही. त्याचा विचार करू नका. त्यांना शुद्ध आली की एवढंच सांगा, ऑपरेशन नीट झालं. बाकीचं मी सावकाश बोलेन."

त्या गेल्यावर नणंदेनं तिचे दोन्ही हात धरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात गोडवा होता. "ऐक माझं. सगळी गाठ निघाली म्हण. माणूस आशेवर जगतो. एवढं तर येतं ना तुला?"

शेवटचं वाक्य लागायला हवं तिथंच लागलं. तिनं हात सोडवून घेतले.

लोहाराला संध्याकाळी शुद्ध आली. अर्धं डोकं पट्ट्यांनी गुंडाळलेलं होतं, ओठ फुटले होते. ती पट्टीच्या बाजूला स्टुलावर बसली होती, म्हणून तिला तो दिसत होता आणि त्याला ती दिसत नव्हती. तो चाचपडायला लागला. तिनं हात पुढं केला. त्यानं तो धरला. कुणाचा आहे ते त्याला बोटांवरच्या घट्ट्यांवरून कळलं असणार, पण त्यानं सोडला नाही.

"गाठ?" तो म्हणाला. "काढली सगळी?"

पलंगाच्या पायथ्याशी उभी असलेली नणंद डोळे मोठे करून मान हलवत होती. हो म्हण, हो म्हण.

लोहारीण उठली. पलंगाला वळसा घालून ती त्याच्या उजव्या बाजूला आली, आणि त्याला तिचं तोंड नीट दिसेल अशी वाकली.

"नाही," ती म्हणाली. "मागं थोडी राहिलीय. डोळा काढलाय. पण ती राहिलीय."

नणंदेनं कपाळावर हात मारून घेतला आणि ती बाहेर निघून गेली. लोहार बायकोकडं बघत राहिला. उजवा डोळा पाण्यानं भरला आणि कानाकडं वाहायला लागला. तिनं तो पुसला नाही. पुसायला त्या डोळ्याला हात लावावा लागला असता.

"किती दिवस आहेत?" त्यानं विचारलं.

"ते मी विचारलं नाही. धीर झाला नाही."

"मग जा, विचारून ये," तो म्हणाला. श्वास घ्यायला थांबला. "आणि त्या म्हणतील तेवढेच सांग. एकही वाढवू नकोस."

ती डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडं निघाली.